शालनचं मशीन

शालन,

तू जाऊन महिनाही झाला नाही, आणि तुझ्याविषयी दोन शब्द लिहून द्या म्हणून शाळेकडून निरोप आला. त्यांना तुझं जन्मगाव हवंय, पदव्या हव्यात, पेडण्यात येऊन मुलांना रसायनशास्त्र किती वर्षं शिकवलंस ते हवंय. ते त्यांचं त्यांनी लिहावं. तुझा सत्कार झाला होता तेव्हा खांद्यावरची शाल सावरत तू माझ्या शेजारी येऊन बसलीस आणि कानात म्हणालीस, "शालीच्या जागी रबराचे हातमोजे दिले असते, तर आपल्या बायकांना तरी झाले असते." मी फिस्सकन हसले आणि पुढच्या रांगेतल्या लोकांनी वळून बघितलं. असल्या गोष्टी शाळेच्या अंकात बसत नाहीत आणि बाकीचं मला येत नाही. म्हणून हे तुलाच लिहितेय.

थकवा आलाय गो. रडून नव्हे, रडायला अजून धड सवडच मिळालेली नाही. कारखान्यात हंगामाच्या काजूबिया येऊन पडल्यात, पाऊस तोंडावर आहे, आणि जी ती मला विचारते, "शालनबाईन कितें सांगिल्लें?" तू काय सांगितलं होतंस ते मला पाठ आहे. मला ते पटलेलं नव्हतं, हीच तर सगळी अडचण.

तू डिचोलीहून बदली होऊन आलीस तेव्हा गोव्याची राजभाषा कोकणी की मराठी यावरून सगळीकडे रण माजलं होतं. आज बंद, उद्या मोर्चा, परवा बसवर दगड. आणि तुला खोली मिळाली ती नेमकी माझ्या परसात. मी सरकारी मराठी शाळेतली मास्तरीण, सासरचं घर पिढ्यान्‌पिढ्या मराठीतून कीर्तन-पुराण ऐकणारं. तू कोकणीवाली. सकाळी पाववाला पोदेर सायकलवरून उंडे घेऊन आला की दोघी अंगणात यायचो आणि पाव हातात घेऊनच सुरू व्हायचो. तू म्हणायचीस, घरात बोलता ती भाषा कागदावर घालायला लाज कसली? मी म्हणायचे, ज्या भाषेत आमच्या आज्यांनी ओव्या म्हटल्या ती काय परक्याची? पोदेर बिचारा पैसे मागायचं विसरून उभा राहायचा. एकदा तर आपण चांगले दोन-तीन आठवडे बोललो नाही. शेवटी माझ्या सासूबाईच तुझ्याकडे सोलकढीचं भांडं घेऊन गेल्या आणि परत येऊन मला म्हणाल्या, "ती पोर एकटी जेवता थंय. तुमचो वाद नंतर करात."

त्या वादात कोण जिंकलं ते मला अजून ठरवता आलेलं नाही. पण भांडताना तू आवाज चढवायची नाहीस, हे मी तेव्हाच हेरून ठेवलं होतं. चिडलीस की तू अधिकच सावकाश बोलायचीस, वर्गात मागच्या बाकावरच्या मुलाला समजवावं तसं. मला त्याचा भयंकर राग यायचा.

काजूचं खूळ तुझ्या डोक्यात आलं ते डोंगरामुळे. तुझं माहेर शिरगावच्या बाजूला. लहानपणी जत्रेला जाताना जो डोंगर उजव्या हाताला दिसायचा, तो मोठेपणी तिथे नव्हता. लोखंडाच्या खाणींतल्या मातीचे ट्रक सकाळपासून धावायचे, नदीवर बार्जी, म्हणजे मालाच्या मोठ्या होड्या, भरायच्या, मुरगावला बोट लागायची आणि डोंगर परदेशी जायचा. घरोघर नोकऱ्या आल्या, ट्रक आले, हे तूही नाकारत नव्हतीस. तुझे स्वतःचे भाऊ त्यावरच उभे राहिले. पण आमच्या बाजारात पहिल्यांदा एप्रिलमध्ये माझ्याबरोबर आलीस, पोती भरभरून बिया ट्रकात चढताना पाहिल्यास आणि रस्त्याच्या कडेलाच थांबलीस. म्हणालीस, "आमचो दोंगर बोटींत बसून वता, आनी तुमच्यो बियो ट्रकार बसून वतात. सुधा, आमी फकत भरून दिवपाक जल्मल्यांत काय गो?"

मी म्हटलं, उन्हात उभी राहून भाषण नको, मासळी संपेल.

पण रात्रभर ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. पेडण्याचा अख्खा डोंगर काजूचा. बोंडूंची दारू, हुर्राक-फेणी, होते, ते काम गावात राहतं. बी मात्र एप्रिल-मेमध्ये मिळेल त्या भावाने जायची, कारण पावसात पोत्यात बुरशी येते ही धास्ती. पुढे सोललेले, पांढरे गर डब्यात बसून म्हापशाच्या दुकानात यायचे आणि गणपतीला आम्हीच ते विकत आणायचो. इतकी वर्षं मुलांना भूगोलात कच्चा माल आणि पक्का माल शिकवत होते, पण तो धडा आमच्या डोंगराचा आहे हे माझ्या कधी मनात आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी हे तुला सांगितलंही.

गोवा राज्य झालं, त्याच्या पुढच्या वर्षी आपण महिला मंडळाच्या पत्र्याच्या शेडमध्ये कारखाना काढला. कारखाना हा शब्द तुझा. लोक हसायचे. चार पत्रे, एक बॉयलर आणि पायाने दाबायची कात्री लावलेली सात-आठ टेबलं, याला कोण कारखाना म्हणेल? तू मात्र ठासून म्हणायचीस. आमच्याकडे काही बायका आधीपासून घरगुती काजू फोडायच्या, पत्र्याच्या पिंपात बिया भाजून. धुराने डोळे जायचे, टरफलातल्या तेलाने बोटांची कातडी काळी पडून सोलून निघायची. तू म्हणालीस, भाजायचंच नाही, वाफ द्यायची. गर पांढरा राहील, धूर होणार नाही, हात वाचतील. कोल्हापूरच्या बाजूला जाऊन बॉयलर बघून आलीस, आणि तो आणताना ट्रकात ड्रायव्हरच्या शेजारी बसून आलीस, कारण वाटेत व्हॉल्व्हला धक्का लागेल अशी तुला भीती.

आणि पहिलाच घाणा आपण मातीत घातला. आठवतं?

तू बायकांना सकाळभर वाफ शिकवलीस. दाब किती, वेळ किती, झाकण कधी उघडायचं, उघडताना तोंड कुठे ठेवायचं. सगळ्यांनी माना डोलावल्या. तुला शाळेत तास होता, तू गेलीस. मीही माझ्या शाळेत. संध्याकाळी दोघी आलो तर टेबलांवर सगळा करडा चिखल. कात्र्यांच्या दातांत लगदा बसलेला, गर राखाडी, निम्मे तुकडे. आणि आनंदीकाकी, आपल्या सगळ्यांत जुनी फोडणारी, हात पुसत उभी. तिने आयुष्यभर जे केलं तेच केलं होतं. भाजलेल्या बीवर चुलीची राख टाकून ती चोळायची, म्हणजे राख तेल पिते आणि हात जळत नाहीत. वाफेतून निघालेल्या ओल्या बियांवरही तिने टोपलीभर राख ओतली, आणि तिने ओतली म्हणून सगळ्यांनी ओतली.

"राख नाय घातली तर हात जळतले, बाई," ती म्हणाली. घाबरली होती, पण माघार घेत नव्हती.

मला वाटलं होतं तू आता सावकाश बोलायला लागशील. तू खाली बसलीस, एक राखाडी गर पदराला पुसून तोंडात टाकलास आणि म्हणालीस, "रुचीक बरो आसा." मग बायका हसल्या, मग तूही. दुसऱ्या दिवशी रजा काढून तू तिथेच बसलीस. उकडलेल्या बिया एक रात्र पसरून गार आणि कोरड्या होऊ द्यायच्या, हाताला खोबरेल लावायचं, राख नाही. अर्ध्या बायकांकडून तसं करून घेतलंस आणि अर्ध्यांना मुद्दाम जुन्या पद्धतीने करू दिलंस, म्हणजे कोणी तुझ्यावर नुसता विश्वास ठेवायला नको. आनंदीकाकीने दोन्ही टोपल्यांतले गर उलटेसुलटे केले, आणि मग स्वतःची राखेची टोपली उचलून परसात रिकामी केली. त्या दिवसापासून ती तुझी झाली. माझी ती आधीपासून होतीच.

भिंतीवर सूचना लिहायची ठरली तेव्हा आपली पुन्हा जुंपली. तू कोकणी म्हणालीस, मी मराठी. आनंदीकाकी म्हणाली, "माका वाचूंक येना, पण मी सांगतंय तां बरयात." तिने सांगितलं आणि मी खडूने लिहिलं. तू वाचून म्हणालीस, बघ, कोकणी. मी म्हटलं, ही आमची पेडण्याची मराठी. पुढे तेच ऑइलपेंटने पक्कं केलं आणि त्यावर पुन्हा कधी बोललो नाही. तेवढ्यापुरता तरी तह झाला.

मी तुला कधी धड सांगितलं नाही, पण तो कारखाना माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली गोष्ट आहे. लग्न, मुलं, नोकरी हे सगळं माझ्या वाट्याला आपसूक आलं, जसं सगळ्यांना येतं. हे मात्र तू माझ्यामागे लागून करवून घेतलंस. पावसाळ्यात, जेव्हा आमच्या बायकांच्या हाताला काम नसायचं, तेव्हा शेडमधून कात्र्यांचा आवाज यायचा. आनंदीकाकीच्या घरात मिक्सर आला आणि तिने त्यात पहिलं वाटण वाटून आपल्या दोघींना जेवायला बोलावलं. तू तीनदा वाढून घेतलंस आणि पानावरून उठताना मला चिमटा काढून म्हणालीस, "भूगोल पास जालीस." त्या दुपारी मला तुझा फार अभिमान वाटला होता. तोही मी बोलून दाखवला नाही, उलट तू किती जेवतेस यावरून तुला चिडवलं.

आता मशीनवर येते. टाळून उपयोग नाही.

दोनेक वर्षांपूर्वी कुठल्याशा प्रदर्शनात तू ते पाहिलंस. वरून बिया ओतायच्या, पट्ट्यावरून जाऊन त्या आपोआप कापल्या जातात, खाली गर आणि टरफल वेगळं. परत आलीस ती हातवारे करतच. मी एकच प्रश्न विचारला, "आणि आनंदीकाकी कुठे जाईल?" तू म्हणालीस, "आनंदीकाकीची नात कुठे जाईल ते विचार." ती नात कात्रीवर बसायला आली नव्हती. कुठल्याच घरातली मुलगी आली नव्हती. कोणी औद्योगिक वसाहतीत औषधांच्या गोळ्या पाकिटात भरायला जाते, कोणी किनाऱ्यावरच्या हॉटेलात. खोबरेल लावलं तरी बोटं काळी होतातच, आणि काळ्या बोटांनी लग्नाच्या बाजारात कोण उभं राहील? तुझं म्हणणं होतं की यंत्र आणलं नाही तर म्हाताऱ्यांबरोबर कारखानाही म्हातारा होऊन मरेल आणि बिया पुन्हा ट्रकात बसतील. माझं म्हणणं होतं की ज्यांच्या हातांसाठी कारखाना काढला, त्यांचेच हात काढून घ्यायचे असतील तर मग तुझ्या डोंगराच्या ट्रकांत आणि यात फरक काय राहिला? ते वाक्य तुला लागलं होतं, मला दिसलं. मी ते मागे घेतलं नाही, कारण ते खोटं नव्हतं. आजही खोटं वाटत नाही.

मग आपण तो वाद दर महिन्याच्या बैठकीत घातला. तू मशीनचं नाव काढायचीस, मी आनंदीकाकीचं. बायका चहाचे कोप हातात धरून आपल्याकडे बघत बसायच्या, कोणी कोणाची बाजू घ्यायची नाही. नंतर तर मला त्या वादाची सवय झाली होती. तू लवकर हरणार नाहीस हे ठाऊक होतं, म्हणून मला हवं तेवढं ताणता यायचं.

बांबोळीला इस्पितळात शेवटची भेटले तेव्हाही तू तेच काढलंस. तुझ्या हाताला सलाईन, आवाज बारीक. मी पेज भरवत होते. तू म्हणालीस, "सुधा, मशीनचें कितें?" मी म्हटलं, बरी होऊन ये, मग बघू. तू हसलीस. "तुजें 'मग बघू' म्हळ्यार ना," माझा नकार ओळखून एवढंच म्हणालीस आणि डोळे मिटलेस. मी पेजेचा चमचा तसाच हातात धरून बसले. शालन, मला तुझा राग येतो. आजारी माणसाने एवढं हुशार असू नये.

तू गेल्यानंतरची पहिली बैठक गेल्या आठवड्यात झाली. हंगामाचा माल फोडायचा आहे आणि कात्रीवर बसणारी माणसं कमी, हाच विषय. आनंदीकाकीने बसता बसता माझा हात धरला आणि हळूच विचारलं, "शालनबाई गेली. आतां मशीन येना मगे?" तिला तुझं दुःख होतं. गेले कित्येक दिवस ती धड जेवलेली नाही. तरी ती विचारत होती, आणि तिच्या डोळ्यांत थोडी सुटका होती. मी तिचा हात दाबला. माझ्याही मनात तेच होतं. आता विरोधात कोणी नाही. मी जिंकले होते, काही न करता.

मग आपली खजिनदार म्हणाली की बेळगावकडच्या बायका मिळतात. बांधकामावर आलेल्या कुटुंबांतल्या, कामाला वाघीण. शेडच्या मागे पत्र्याच्या दोन खोल्या घातल्या की झालं. सगळ्यांच्या माना हलल्या. शालन, ही कल्पना माझीच होती. तुझ्याशी वाद घालताना मीच ती मागे एकदा काढली होती आणि तू नुसती माझ्याकडे बघत राहिली होतीस. त्या दिवशी ती दुसऱ्याच्या तोंडून ऐकली. "आमच्या पोरी थोड्याच बसतल्या त्या तेलांत," कोणीतरी म्हणालं, आणि सगळ्या हसल्या. मीही हसणार होते.

ते हसू काही आलं नाही. आमच्या पोरींना जे काम नको, त्यासाठी आम्ही दुसऱ्यांच्या पोरी शोधत होतो. त्यांच्या बोटांचं काय होईल ते कोणी विचारत नव्हतं, कारण त्या आमच्या कोणी नव्हत्या. मी तुला ट्रकांवरून बोलले होते ना? इथे तर मी माणसंच भरून आणायला निघाले होते.

मी उभी राहिले आणि म्हटलं, मशीन आणूया. ज्या आज कात्रीवर आहेत त्यांना साल काढायचं आणि गर निवडायचं काम राहील, ते यंत्राला जमत नाही. मशीनवर शिकलेल्या मुली बसतील, काळे हात न करता. बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की मी सावकाश बोलतेय, आवाज न चढवता. बोलून झाल्यावर मी वाट बघत थांबले. कोणीतरी उठून आनंदीकाकीचं नाव काढेल, निवडायच्या टेबलावर सगळ्या मावणार नाहीत म्हणेल, वर्षाभरात निम्म्या घरी बसतील म्हणेल. ते सगळं खरं आहे, मला त्यातलं एकेक वाक्य येत होतं. पण ती वाक्यं दर वेळी मीच बोलत आले होते, आणि या वेळी मी दुसऱ्या बाजूला उभी होते. कोणी काही बोललं नाही. खजिनदारबाईने विचारलं, मग ठरलं? आणि ठरलं.

आनंदीकाकी उठली, पदर झटकला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुमी पण शालनबाईवरी उलयतात." तुझ्यासारखं बोलते म्हणाली, पण ते कौतुक नव्हतं. त्या दिवसापासून ती कामावर येते, कात्री चालवते, माझ्याशी बोलत नाही.

मला अजूनही वाटतं की तू पूर्ण बरोबर नव्हतीस. मीही नव्हते. आपण अजून चार-सहा महिने भांडलो असतो तर कदाचित मधला काही रस्ता निघाला असता, ज्यात टेबलावर सगळ्या मावल्या असत्या. तेवढा वेळ तू द्यायला हवा होतास.

काल संध्याकाळी मी काकीच्या घराकडे गेले. ती अंगणात बसली होती. मला येताना पाहून तिने पाठ फिरवली. तू असतीस तर तिने तुझ्याकडे पाठ फिरवली असती, आणि मी तिच्या पायरीवर बसून, तुला चार शिव्या घालत, तिची समजूत काढली असती. आता पाठ माझ्याकडे आहे आणि त्या पायरीवर बसायला कोणी नाही.